पोरगं गाडी चांगली चालवतंय, मग शिकायचं काय राहिलं?

पत्र

दादा, नमस्कार. आम्ही वाळवा तालुक्यातले, हायवेपासून थोडं आत आमचं गाव. मुलगा पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करतोय. नववीत असल्यापासून तो ह्यांची १२५ची गाडी चालवतो. डेअरीला दूध घालणं, मळ्यात डबा पोचवणं, सगळं तोच करतो. लायसन्ससाठी ह्यांनी एजंटला दोन हजार आगाऊ दिलेत. तो म्हणतो, "फक्त फोटोला या, बाकी माझ्यावर सोडा." कॉलेज पेठ नाक्याच्या पलीकडं, म्हणून मुलाला २०० सीसीची नवी गाडीही कबूल केलीय. मी म्हटलं, एखादा क्लास लावू, नीट शिकू दे. तर घरात हसं झालं. हे म्हणतात, "पोराचा हात साफ आहे. आम्ही कुठं क्लास लावून शिकलो? पंचवीस वर्षांत खरचटलं नाही." पण पुलाखालून वळून यायचा कंटाळा म्हणून हेच हायवेच्या कडेनं उलटे जातात, आणि मुलगाही तसाच जातो. माझं कारचं लायसन्स आहे, माहेरी असताना काढलेलं. दारात कारही आहे, पण लग्नानंतर मी स्टेअरिंगला हात लावलेला नाही. त्यामुळं या विषयात माझ्या बोलण्याला घरात वजन नाही. माझं काही चुकतंय का? आणि एजंटचे पैसे परत मिळतील का?

– एक आई

उत्तर

ताई, तुमचं चुकत नाही. पण क्लासचं नाव काढल्यावर तुमचे मिस्टर हसले, त्यात त्यांचंही अगदीच चूक नाही. क्लच सोडणं, गिअर टाकणं, तोल सांभाळणं हे तुमच्या मुलाला आता कुणी नव्यानं शिकवायला नको. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गिअरची मोटारसायकल शिकवतच नाहीत. तिथं कार शिकवतात आणि दुचाकीची नुसती कागदपत्रं करून देतात. मी स्वतः अशा स्कूलच्या गाडीत डावीकडच्या सीटवर, ज्यादा क्लच-ब्रेकवर पाय ठेवून बरीच वर्षं काढली आहेत. तिथला अनुभव असा, की ज्यानं कधी स्टेअरिंग धरलेलं नाही त्याला शिकवणं सोपं. "मला येते, फक्त लायसन्सपुरता आलोय" म्हणणारा अवघड. त्याचे हातपाय तयार झालेले असतात, नजर कच्ची असते. आणि हातपाय इतके छान चालतात, की नजरेचं काही राहून गेलंय हे त्याला पटतच नाही.

तुमच्या मुलाचं हेच झालंय. त्यामुळं त्याला काय शिकवायचं, कुणी आणि कुठं, हे जरा सविस्तर सांगतो. पण त्याआधी आजचं काम.

वाढदिवस होईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडं ठेवा. महिनाभर दूध मिस्टरांनीच घालावं. कायद्यानं सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, त्यापुढच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. २०१९च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला, की पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेनं दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून आपण सगळ्यांनी तोंडसुख घेतलं, बड्या बापाची पोरं म्हणालो. पण १९९अ पोर्शेला लागतं तसंच दुधाचे कॅन अडकवलेल्या १२५लाही लागतं.

कैदेच्या गोष्टीवर मिस्टर म्हणतील, "आपल्या गावात कोण येतंय पकडायला?" म्हणून त्यांच्याशी विम्याचं बोला. बिनलायसन्स मुलाच्या गाडीनं कुणी दगावलं, तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढं जातो. भरपाई मेलेल्या माणसाच्या वयावर आणि कमाईवर ठरते, कमावत्या माणसाची असेल तर ती लाखांच्या घरात जाते. अशा वेळी विमा कंपनीनं आधी त्या कुटुंबाला पैसे द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश कोर्टं देतात. गाडी मिस्टरांच्या नावावर आहे. वसुली सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते, हे ऐकल्यावर भले भले किल्ली खिशात घालतात.

आता शिकण्याकडं येऊ. दुचाकीच्या लायसन्सला ट्रॅकवर पाय न टेकता आठचा आकडा काढावा लागतो. परीक्षा वाईट नाही, तोल कळतो. पण आठ काढताना गाडी चालत्या माणसाच्या वेगानं जाते, आणि त्या वेगानं सहसा कुणी मरत नाही. साठनं चाललेली गाडी एकाएकी थांबवता येते का, हे तिथं कुणी विचारत नाही. ते तुम्ही घरी विचारा. जेवताना सहज म्हणा, "म्हैस आडवी आली तर आधी कुठला ब्रेक दाबतोस?" बहुतेक तो म्हणेल, मागचा. का, तर पुढचा दाबला की गाडी उलटते. हे त्याला वडिलांनी सांगितलंय, त्यांना त्यांच्या मित्रांनी.

खरं उलट आहे. ब्रेक लागला की गाडीचा बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. हलक्या चाकाला रस्ता नीट धरवत नाही, ते घसरतं. थांबवायचं मोठं काम पुढच्या चाकाचं. पाडतो तो पुढचा ब्रेक नव्हे, तो हिसका देऊन दाबणं पाडतं, किंवा हँडल वळलेलं असताना नाहीतर खडीवर दाबणं.

हे सांगून कळत नाही, करून कळतं. सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचं आवार रिकामं असतं, तिथं परवानगी काढून (अर्थात अठरा झाल्यावर) बापलेकांनी जावं. हेल्मेट, पायात बूट, फुल पँट. जमिनीवर चुन्याची एक रेघ मारायची. तीसच्या वेगानं यायचं, रेघ आली की फक्त मागचा ब्रेक, आणि गाडी कुठं थांबली ते पावलांनी मोजायचं. मग दोन्ही ब्रेक एकदम. पुढची लिव्हर दोन बोटांनी, ओल्या कापडातलं पाणी हळूहळू दाबत काढावं तशी, दाब वाढवत न्यायची. हँडल सरळ, नजर रेघेवर नाही, लांब समोर. पुन्हा पावलं मोजायची. दोन्हींतला फरक बघून मिस्टर स्वतःच चार फेऱ्या मारतील, बघा. जमलं की चाळीसनं. तुमची १२५ एप्रिल २०१९ नंतरची असेल तर तिला कंबाइंड ब्रेक असणार, म्हणजे मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतो. तरीही पुढच्या लिव्हरची सवय चुकत नाही.

त्याच दिवशी एक हिशेबही करून घ्या. चाळीसचा वेग म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत चपळ माणसाचाही एक सेकंद जातो, पुढं कोरड्या डांबरावर थांबायला साधारण बारा मीटर. एकूण तेवीस. साठला तेच गणित सतरा अधिक अठ्ठावीस, म्हणजे पंचेचाळीस मीटर. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. पावसात याहून जास्त.

हे पंचेचाळीस मीटर मी मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही ऊसपट्ट्यातल्या. कारखान्याचं गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत रात्री तुमच्या रस्त्यावर काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. डबल ट्रॉली, मागचा दिवा लोंबत्या उसाखाली गेलेला, रिफ्लेक्टरवर चिखल. त्यात एखादी पंक्चर होऊन रस्त्यातच उभी, आणि मागं खूण म्हणून चार दगड. साध्या मोटारसायकलचा लो बीम असली काळपट वस्तू तीस-चाळीस मीटरच्या अलीकडंच दाखवतो. म्हणजे साठनं चाललेल्या पोराला ट्रॉली दिसेल तेव्हा ब्रेकला जागाच उरलेली नसेल. हात कितीही साफ असू दे. आतल्या रस्त्यावर रात्री चाळीसच्या पुढं काटा नेणं म्हणजे ट्रॉली नसेल या भरवशावर गाडी हाकणं. समोरून कुणी अप्पर मारत आला तर त्या दिव्याकडं बघायचं नाही, वेग कमी करून डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवायची.

राहिली नजर. ही शिकवायची एक जुनी रीत आहे, तोंडानं बोलत चालवायची. मुलगा पुढं, मिस्टर मागं, आणि मुलानं दिसेल ते मोठ्यानं सांगत जायचं. "पुढं एसटी थांबलीय, तिच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडणार, वेग कमी. डावीकडं एक शेळी आली, मागं दुसरी असणार. बोळातून मोटारसायकलचं पुढचं चाक दिसतंय, त्यानं मला बघितलेलं नाही. ट्रॅक्टर रानातून रस्त्यावर चढलाय, चाकांचा चिखल पुढं पन्नास पावलं पडलेला असणार." पहिल्या दिवशी त्याला काही बोलता येणार नाही, कारण तो फक्त समोरच्या गाडीचं बूड बघतो. हळूहळू बोलणं वाढतं, आणि आधी कधीच न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. माझ्या मते दुचाकीवाल्याला यापेक्षा मोठं शिक्षण नाही. त्याला पैसे पडत नाहीत, फक्त मागं बसणाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे.

आणि आता मिस्टरांचं.

पंचवीस वर्षांत खरचटलं नाही ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांना खरचटण्यापलीकडचं झालं, ते असं सांगायला येत नाहीत. २०२२मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, त्यातली ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची. हात साफ असलेले त्यात थोडे नसणार. शिवाय मिस्टर शिकले तेव्हाचा हायवे आणि आजचा पुणे-बेंगळुरू हायवे यांत काही साम्य उरलं आहे का? दुभाजक नव्हता तेव्हा उलटं जाण्याचा प्रश्नच नव्हता. आता आहे, आणि त्याचा धोका नक्की कुठं असतो ते लोकांच्या लक्षात येत नाही. समोरासमोरची धडक तर असतेच. तुम्ही चाळीसनं, समोरचा साठनं, म्हणजे दोघं सेकंदाला अठ्ठावीस मीटरनं एकमेकांवर येताय. पण त्याहून फसवा तो फाट्यावरून हायवेला लागणारा. तो उजवीकडं बघतो, कारण गाड्या तिकडूनच यायच्या असतात. रस्ता मोकळा दिसला की डावीकडं न बघताच गाडी घालतो. आणि डावीकडून दुधाचे कॅन घेऊन तुमचे मिस्टर येत असतात.

मुलाला मात्र यावरून रागावू नका. त्याची शिकवणी नववीत सुरू झालेली नाही. लहानपणी टाकीवर बसून वडिलांबरोबर डेअरीला जायचा, तेव्हाच झाली. आरसे काढून ठेवणं, हेल्मेट कोपराला अडकवणं, मान तिरकी करून फोन धरणं हे पोरं कुठल्याही क्लासात शिकत नाहीत. त्यामुळं उलटं जाणं बंद व्हायचं असेल तर ते आधी मोठ्यांचं व्हावं लागेल, आणि हे मुलासमोर न काढता मिस्टरांना एकटं गाठून बोला. मुलासमोर काढलंत की तो मानापमानाचा विषय होतो आणि हरलात.

त्यांना सामील करून घ्यायला एक युक्ती सांगतो. मुलाचे अठरा झाले की सरकारच्या ‘सारथी’ या ऑनलाइन पोर्टलवर शिकाऊ लायसन्सचा अर्ज करता येतो, आणि त्याची परीक्षा आधार जोडून घरबसल्या देता येते. बऱ्याच घरी ती दादा नाहीतर एजंट देतो, आणि ज्याचं लायसन्स तो शेजारी चहा पीत बसतो. तुम्ही आधी चार संध्याकाळी घरात सराव घ्या, मिस्टरांनाही बसवा. अरुंद घाटात समोरासमोर आल्यावर आधी वाट कुणाला? (चढणाऱ्याला.) गोल चौकात? (उजवीकडून येणाऱ्याला.) सलग रेघ आणि तुटक रेघ यांत काय फरक? घाटाचं उत्तर मिस्टर पटकन देतील, चौकाचं बहुतेक चुकेल. पंचवीस वर्षांच्या अनुभवाला आपणहून एक भोक पडतं.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते म्हणून सगळे एकतिसाव्या दिवशी धावतात. तुम्ही धावू नका. सहा महिने पुरेपूर वापरा. या काळात गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ लागतो, आणि शिकवणारा लायसन्सधारक सोडून कुणालाही मागं बसवता येत नाही, म्हणजे मित्र नाहीत. न्यूझीलंडमध्ये १९८७पासून नव्या चालकाला टप्प्याटप्प्यानं मोकळीक मिळते. मधल्या टप्प्यात त्याला एकट्यानं रात्री दहानंतर गाडी काढता येत नाही आणि मित्रांना बसवता येत नाही, कारण नवशिक्यांचा घात अंधारात आणि सोबत्यांच्या नादानं जास्त होतो. आपल्या कायद्यात असे टप्पे नाहीत, ते घरानं घालावेत. आधी दिवसा आणि ओळखीचे रस्ते, मग तिन्हीसांजेला, मग पावसात, आणि सगळ्यात शेवटी रात्री हायवे. पहिल्या सरीनंतरचा रस्ता सगळ्यात निसरडा असतो, हे त्याला तेव्हाच दाखवा.

२०० सीसीचं काय? मी असतो तर वर्षभर थांबलो असतो. कबूल केलंय म्हणता, तर वडिलांनी शब्द मोडायला नको, तारीख पुढं ढकलावी. पक्कं लायसन्स आणि त्यावर एक पावसाळा. १२५च्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरायची भीती कमी. पण काहींना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. दोन्ही चाकांचं मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. हेल्मेट आयएसआयचं, आयएस ४१५१ छापलेलं, डोक्याला घट्ट बसणारं, आणि पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं. "गावातल्या गावात कशाला" हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका. हेल्मेट नसलं तर एक हजार दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं.

ताई, पत्रातली एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती मला जास्त महत्त्वाची वाटली. क्लास लावा, पण मुलाला नाही, स्वतःला. आधी लायसन्स काढून त्यावरची तारीख बघा. जुन्या नियमानं ते वीस वर्षं किंवा पन्नाशीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. म्हणजे तुमचं संपत आलेलं किंवा संपलेलंही असू शकतं. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी लागेल.

क्लास निवडताना पंधरा दिवसांचं पॅकेज किती स्वस्त ते बघू नका. नियमानं कारचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान दहा तासांचं हवं. रोज वीस मिनिटं फिरवून आणणाऱ्याचे दहा तास भरत नाहीत. त्याला विचारा, चढावर थांबून पुन्हा गाडी काढायला शिकवाल का? बोळातून रिव्हर्स? अंधार पडल्यावर एखादी फेरी? आणि चालवताना त्याच्या पायाकडं लक्ष ठेवा. सगळे ब्रेक तोच मारत असेल तर गाडी तुम्ही चालवतच नाही आहात, पैसे भरून हिंडताय. हायवेला लागाल तेव्हा पुलाखालून वळून या. घरात वजन येतं की नाही ते आपोआप कळेल.

एजंटचे दोन हजार मागून बघा, बहुतेक मिळणार नाहीत. ते सोडून द्या. सरकारी फी असे एजंट एकूण जे घेतात त्यापेक्षा बरीच कमी आहे, ती पोर्टलवर भरा आणि तारीख मुलालाच काढू दे. ट्रॅकवर आठ काढताना पाय टेकला आणि नापास झाला, तर सात दिवसांनी परत जाता येतं.